आमच्या खारीतले तूप

आमची बेकरी आहे. बेकरी म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईची काचेची झगमगती दुकाने येतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडच्या मागल्या बोळात एक भट्टी, दोन लांब लाकडी टेबले, चार कामगार आणि पुढल्या बाजूला एक कपाट, एवढाच आमचा पसारा. पाव, टोस्ट, नानकटाई, बटर आणि खारी हा माल. (ज्याला आपण बटर म्हणतो त्यात बटर कधीच नसते, हे बेकरीवाल्याच्या मुलाला लहानपणीच कळते. त्या नावाचे त्याला पुढे आश्चर्य वाटत नाही.) आजोबांनी बेकरी काढली, अण्णांनी चालवली आणि सुट्टीत गल्ल्यावर बसून मी तिची हलकीसलकी सेवा केली. अर्थशास्त्र हा विषय मी घेतला, त्याला हा गल्लाच कारणीभूत असावा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस अण्णांच्या छातीत कळ आली. जिल्ह्याच्या गावी नेले, तपासण्या झाल्या, हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्याचा एक छापील कागद हाती दिला. त्यात वर्ज्य पदार्थांच्या रांगेत वनस्पती तूप, तळण आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'बेकरीचे पदार्थ' असे होते. अण्णांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस. मला एवढे शोधून दे. आपल्या खारीत नेमके वाईट काय आहे? मैदा म्हणावा तर तो गव्हाचाच. मीठ सगळ्यांच्याच घरी आहे. भेसळ तर आपण जन्मात केली नाही. मग हे काय लिहिले आहे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मला रसायनशास्त्रापासून डेन्मार्कच्या सरकारपर्यंत बरीच पायपीट करावी लागली. त्या पायपिटीची ही हकीकत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, तेव्हा शास्त्र शाखेच्या मित्रांनी माझ्या भाषेकडे थोडे उदारपणे पाहावे.

प्रथम खारी कशी होते ते सांगितले पाहिजे, कारण सारे पाणी तिथेच मुरते. मैद्याचा गोळा मळून लाटायचा, त्यावर घट्ट तुपाचा थर पसरायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचे, पुन्हा घडी. असे करता करता कणकेचे पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये तुपाचे पातळ पापुद्रे असे एकाआड एक रचले जातात. भट्टीत गेल्यावर कणकेतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडू पाहते, तुपाचे थर तिला सरळ जाऊ देत नाहीत आणि खारी फुलते. यात तुपाने एक अट पाळावी लागते. ते टेबलावर घट्ट राहिले पाहिजे. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल घातले तर ते कणकेत जिरून जाते आणि खारीची पुरी होते. लोणी घालावे तर आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ते टेबलावरच वितळते, शिवाय त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक बोळाच्या तोंडाशीच परतेल. घट्ट, स्वस्त, उन्हाळ्यात टिकणारे आणि स्वतःचा वास नसलेले असे तूप बेकरीवाल्याला हवे असते. असे तूप निसर्गात सहजी मिळत नाही. ते कारखान्यात करावे लागते.

ही युक्ती विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. पातळ तेलातून निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला तर तेल गोठते, या कृतीचे पेटंट त्याने १९०२ साली घेतले. अमेरिकेत १९११ मध्ये 'क्रिस्को' नावाने असे घट्ट तेल दुकानांत आले. आपल्याकडे ते आधी हॉलंडहून आयात होई. पुढे १९३०च्या सुमारास मुंबईत शिवडीला कारखाना निघाला आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. तो इतका रुजला की आमच्या आजीच्या तोंडी आजही कोणत्याही कंपनीचे वनस्पती तूप म्हणजे डालडाच.

तेल गोठते म्हणजे काय होते? मला समजले ते असे. तेलाचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. पातळ तेलातल्या पुष्कळशा साखळ्या मध्येच वाकलेल्या असतात. वाकडेतिकडे फाटे एकत्र बांधून पाहा, मोळी घट्ट बसत नाही, फटी राहतात. तेल पातळ असते त्याचे कारण हे. तुपातल्या बऱ्याच साखळ्या सरळ असतात. सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते, म्हणून तूप थिजते. हायड्रोजन सोडल्यावर तेलातल्या वाकड्या साखळ्या सरळ होऊ लागतात. मात्र सगळ्याच एका रीतीने सरळ होत नाहीत. काहींना हायड्रोजन चिकटतो आणि त्या तुपातल्यासारख्या होतात. काहींना तो चिकटत नाही, पण त्या गडबडीत त्यांचा वाक उलटा फिरतो आणि त्या दिसायला सरळ होतात. या दुसऱ्या प्रकाराला 'ट्रान्स' म्हणतात. क्रिया पूर्ण होऊ दिली तर ट्रान्स साखळ्या जवळपास उरत नाहीत, पण मग तूप मेणासारखे कडक होते आणि खारीला निरुपयोगी ठरते. क्रिया मध्येच थांबवली की हवे तसे लोण्यासारखे मऊ-घट्ट तूप मिळते आणि ट्रान्सचा साठाही भरपूर राहतो. म्हणजे बेकरीवाल्याला हवा तो गुण आणि डॉक्टरांना नको तो अवगुण ही एकाच अर्धवट क्रियेची दोन अपत्ये आहेत.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात अन्नाबद्दल कायदा नव्हता असे मुळीच नाही. १९५४ साली अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १ जून १९५५ पासून अमलात आला. वनस्पती तुपावर तर त्याची विशेष नजर होती, कारण हे तूप दिसायला साजूक तुपासारखे आणि भावाला कितीतरी स्वस्त, म्हणजे भेसळीला उत्तम. ते ओळखू यावे म्हणून त्यात रंग मिसळावा अशी मागणी बरीच वर्षे होत होती. शेवटी निराळीच तोड निघाली. प्रत्येक वनस्पती तुपात निदान पाच टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे असा नियम झाला. तिळाच्या तेलाचा गुण असा की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्यासोबत हलवले तर लाल रंग येतो. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळले असेल तर परीक्षानळी लाल होऊन चोर पकडून देते. शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी हा प्रयोग करून दाखवला होता. त्यांनी फरफ्युरालऐवजी चिमूटभर साखर वापरली, आणि नळीत गुलाबी रंग उतरल्यावर सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मीही होतो, आणि ज्याच्या घरी त्याच वनस्पतीचे डबे उभे होते असा त्या वर्गात मी एकटाच असेन.

हा नियम मला फार बोलका वाटतो. वनस्पती तूप साजूक म्हणून विकले जाऊ नये याची कायद्याने किती काळजी घेतली! पण वनस्पती तूप वनस्पती म्हणून, शुद्ध, शिक्क्यासह, पावतीसह विकले तर? त्यावर हरकत नव्हती. उलट त्यात 'अ' जीवनसत्त्व घालण्याची सक्ती होती, म्हणजे ते पौष्टिकच समजले जाई. अण्णा म्हणतात तसे आम्ही भेसळ कधीच केली नाही. आमच्या भट्टीत येणारा डबा कायद्याच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेला होता. घोडे तिथेच अडले होते.

हा दोष एकट्या भारतीय कायद्याचा नव्हे. जगभर अन्नाचे कायदे जन्मले ते फसवणुकीच्या रागातून. इंग्लंडमध्ये १८५०च्या दशकात आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली लंडनच्या दुकानांतली कॉफी, मोहरी, पाव तपासले आणि भेसळीची प्रकरणे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दुकानदारांच्या नावानिशी छापून आणली. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावी गोळ्यांमध्ये चुकून सोमल मिसळला गेला आणि वीसजण दगावले. १८६० साली तिथे पहिला भेसळविरोधी कायदा झाला. त्या काळाच्या मानाने ते योग्यच होते. जो कायदा सोमल थांबवतो त्याला नावे कोण ठेवील? पण अशा कायद्याचा प्रश्न एकच असतो: वस्तू तीच आहे ना, जिचे नाव तिच्यावर लिहिले आहे? ती प्रामाणिक वस्तू वीस वर्षे रोज खाल्ल्यावर माणसाचे काय होते, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसतच नाही. सोमल खाल्लेला माणूस त्याच दिवशी पडतो आणि दुकानदार पकडला जातो. खारी खाल्लेला माणूस साठाव्या वर्षी छाती धरतो, तेव्हा कोणत्या दुकानाकडे बोट दाखवणार?

ट्रान्सबद्दल पहिली शंका घेणाऱ्यांपैकी एकाची कथा इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रेड कुमेरो हे मूळचे जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ. मरण पावलेल्या माणसांच्या शरीरातील ऊतींमध्ये ट्रान्स मेद साठलेला आढळतो, हे त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्या वेळी सगळा राग लोणी आणि चरबी यांच्यावर होता आणि वनस्पती तेलापासून केलेली मार्गारिन हा चांगला पर्याय मानला जात होता. म्हातारा मात्र चिकट. २००९ साली, नव्वदी उलटल्यावर, त्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला. उत्तर येईना म्हणून २०१३ साली त्याच प्रशासनावर दावा लावला. २०१५ साली प्रशासनाने निर्णय दिला की अर्धवट हायड्रोजन दिलेली तेले यापुढे 'सुरक्षित' मानता येणार नाहीत, आणि उद्योगांना जून २०१८ पर्यंत मुदत दिली. कुमेरो २०१७ साली वयाच्या १०२व्या वर्षी वारले. १९५७ ते २०१५ म्हणजे अठ्ठावन्न वर्षे झाली. आमच्या आजोबांनी बेकरी काढली, वाढवली आणि अण्णांच्या हाती दिली, हे सारे त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोटात मावते.

अर्थात त्या मधल्या काळात पुरावा साचत होता. १९९० साली मेन्सिंक आणि काटान या दोन डच संशोधकांनी माणसांना ठरावीक आहार देऊन दाखवले की ट्रान्स मेदाने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि त्याच वेळी चांगले कोलेस्टेरॉल कमी होते. लोणी-तुपातला संपृक्त मेद यांतला पहिला अपराध करतो, दुसरा करीत नाही. ट्रान्स दोन्ही करतो. १९९३ साली हार्वर्डच्या वॉल्टर विलेट यांच्या गटाने अमेरिकेतील हजारो परिचारिकांची अनेक वर्षे ठेवलेली नोंद तपासून ट्रान्स मेद आणि हृदयविकार यांचा संबंध मांडला. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब निघाला तो असा: रोजच्या उष्मांकांपैकी दोन टक्के जरी ट्रान्स मेदातून आले, तरी हृदयविकाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. दोन टक्के म्हणजे दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला साडेचार ग्रॅमही नाही. जागतिक आरोग्य संघटना तर याच्या निम्मेच, म्हणजे दिवसाला २.२ ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

मी आमच्या खारीचा हिशेब मांडला. दहा किलो मैद्याला आमच्याकडे चार किलो वनस्पती लागे. पन्नास ग्रॅम खारीत, म्हणजे चहाबरोबर सहज संपणाऱ्या चार-पाच तुकड्यांत, चौदा ग्रॅम तूप आले. २००९ साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बाजारातली वनस्पती तुपे तपासली, तेव्हा त्यांत डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट ट्रान्स मेद आढळला होता. मधला आकडा धरून वीस टक्के म्हटले तर चौदा ग्रॅम तुपात २.८ ग्रॅम. म्हणजे दिवसभराचा कोटा सकाळच्या पहिल्या चहालाच ओलांडला. अण्णा पहाटे साडेचारला भट्टीवर जात आणि भट्टीतून निघालेली पहिली खारी चहात बुडवून खात. चव पाहण्यासाठी, असे ते म्हणत. तीस वर्षे त्यांनी चव पाहिली. एकाच माणसाच्या आजाराचे कारण असे आकडे जुळवून ठरवता येत नाही हे मला कळते. तंबाखू होती, जागरणे होती. पण तो कागद पुरा झाल्यावर मी तो अण्णांना लगेच दाखवला नाही.

आता डेन्मार्क. हा देश लोकसंख्येने आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा. विलेट यांच्या अभ्यासानंतर तिथल्या आहार परिषदेने १९९४ साली अहवाल काढला, त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली आणि २००३ साली सरकारने नियम केला: कोणत्याही खाद्यपदार्थातील मेदात कारखान्यात तयार झालेला ट्रान्स मेद शेकडा दोन ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. (दुधातुपात निसर्गतः थोडा ट्रान्स मेद असतो, तो यातून वगळला.) जगातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. लोकांना सल्ला देण्याच्या, शाळांत तक्ते लावण्याच्या भानगडीत तो पडत नाही. तो सरळ कारखानदाराला सांगतो, हे घालू नकोस. डॅनिश माणसाने सकाळी उठून काहीच निराळे केले नाही. त्याच दुकानातून तीच बिस्किटे आणली. बिस्किटेच निराळी झाली होती.

स्टीन स्टेंडर या डॅनिश डॉक्टराने मग एक गंमत केली. २००४-०५च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतून जगप्रसिद्ध साखळी उपाहारगृहांतले तेच ते कोंबडीचे तुकडे आणि बटाट्याच्या सळया विकत घेतल्या आणि प्रयोगशाळेत तपासल्या. पाटी तीच, नाव तेच, वाढपही तेवढेच. डेन्मार्कमध्ये एका वाढपात ट्रान्स मेद एक ग्रॅमहून कमी निघाला, न्यूयॉर्कमध्ये दहा ग्रॅमच्या आसपास आणि हंगेरीत एका ठिकाणी तर वीस ग्रॅमच्याही पुढे. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. 'आमच्या पाककृतीला दुसरा इलाज नाही' ही कंपन्यांची सबब त्या दिवशी संपली. जे कोपनहेगनला जमते ते बुडापेस्टला न जमण्याचे कारण स्वयंपाकघरात नव्हते, कायद्याच्या पुस्तकात होते.

डेन्मार्कमध्ये या बंदीने मृत्यू किती घटले याचाही अभ्यास झाला आहे. इतर तत्सम देशांशी तुलना करता बंदीनंतरच्या तीन वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू दर लाखामागे वर्षाला सुमारे चौदांनी कमी झाले. न्यूयॉर्क राज्यात काही परगण्यांनी उपाहारगृहांपुरती बंदी घातली होती, काहींनी नाही. तिथे बंदीच्या परगण्यांत हृदयविकार व पक्षाघाताने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्यांपेक्षा सहा टक्क्यांनी अधिक घटलेले दिसले.

अमेरिकेने देशपातळीवर आधी दुसरा मार्ग धरला होता. १ जानेवारी २००६ पासून वेष्टनावर ट्रान्स मेदाचा आकडा छापणे सक्तीचे झाले. म्हणजे माहिती द्या, गिऱ्हाईक शहाणे आहे, ते ठरवील. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा मार्ग फार देखणा दिसतो. त्याचा उपयोगही झाला, कारण आकडा छापायची लाज वाटून अनेक कंपन्यांनी पाककृती बदलल्या. तिथल्या गोऱ्या प्रौढांच्या रक्तातले ट्रान्स मेदाचे प्रमाण २००० ते २००९ या काळात ५८ टक्क्यांनी उतरले. पण नियमात एक फट होती. एका वाढपात अर्ध्या ग्रॅमहून कमी ट्रान्स असेल तर 'शून्य' छापण्याची मुभा होती. वाढप लहान लिहिले की शून्य! अशी तीन-चार 'शून्ये' पोटात गेली की त्यांची बेरीज शून्य होत नाही.

आणि आमच्यापुरते पाहायचे तर वेष्टन आहे कुठे? आमची खारी कागदाच्या पुडीत बांधून जाते. कागद बहुधा जुने वर्तमानपत्र. (तेही योग्य नाही, शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधू नयेत असे शासनाने सांगितलेले आहे. आम्ही आता कोरा कागद आणतो.) ज्या देशात निम्मे खाणे सुटे विकले जाते तिथे छापील आकड्याचा कायदा पुडीच्या दोरीपाशीच संपतो. याउलट मर्यादेचा कायदा आमच्यासारख्यांना न विचारताच लागू होतो. भट्ट्या हजारो आहेत, पण तूप गोठवणारे कारखाने मोजके. तिथे नळ बंद केला की बोळाबोळातल्या खाऱ्या आपोआप बदलतात. निरीक्षकाला प्रत्येक परातीत बोट घालावे लागत नाही.

आपल्याकडे झाले ते याच मार्गाने, पण पायरीपायरीने. १९५४चा कायदा जाऊन त्याच्या जागी २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. त्यानुसार स्थापन झालेल्या प्राधिकरणाने वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर २०१३ पासून दहा टक्क्यांची मर्यादा घातली, २०१६ मध्ये ती पाचांवर आणली, १ जानेवारी २०२१ पासून तीन आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. डेन्मार्कने जे २००३ साली केले तिथे आपण २०२२ साली पोहोचलो. उशीर झाला म्हणावे तर युरोपीय संघानेही सर्व सभासद देशांसाठी ही मर्यादा २०२१च्या एप्रिलपासूनच लागू केली. त्या मानाने आपण फार मागे नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये ज्या पहिल्या पाच देशांना ट्रान्स मेद हटवल्याचे प्रमाणपत्र दिले ते डेन्मार्क, लिथुआनिया, पोलंड, सौदी अरेबिया आणि थायलंड. नियम उत्तम आहे एवढ्यावर ते मिळत नाही. तो पाळला जातो हे तपासण्या करून दाखवावे लागते.

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मध्येच डबा बदलला तो यामुळेच होय!" त्यांना साल आठवत नव्हते, पण हाताला आठवत होते. मध्यंतरी एकदा डब्यातले तूप वेगळे लागू लागले होते. थंडीत ते कडक होई आणि लाटताना कणीक फाटे. भट्टीवरचे उस्ताद महिनाभर कंपनीला शिव्या देत होते. मग त्यांनी तूप आदल्या रात्री भट्टीजवळ ठेवायला सुरुवात केली आणि खारी पुन्हा जमली. गिऱ्हाइकांपैकी कोणीही खारी बदलल्याची तक्रार केली नाही. एवढी मोठी गोष्ट आमच्या टेबलावर घडून गेली आणि आम्ही तिला 'डब्याचा बिघाड' म्हणत होतो.

नव्या डब्यात मुख्यतः पामतेल असते. पामतेल निसर्गतःच अर्धवट थिजलेले असल्यामुळे त्याला हायड्रोजनची गरज कमी पडते. पण त्यात जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो, तेव्हा ते काही औषध नव्हे. ट्रान्सपेक्षा बरे, एवढेच म्हणता येईल. त्यामुळे डॉक्टरांचा कागद अजूनही खराच आहे. अण्णांनी खारी सोडली ती सोडलीच.

मिठाबाबत आणि साखरेबाबत हाच खेळ निरनिराळ्या देशांत चालू आहे, त्याचा ओझरता उल्लेख करतो. दक्षिण आफ्रिकेने २०१६ पासून पावातल्या मिठावर सक्तीची मर्यादा घातली. तिथला पाववालाही आमच्यासारखाच कुरकुरला असेल. ब्रिटनने २०१८ साली गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर बसवला, पण तो जाहीर केला २०१६ सालीच. मधल्या दोन वर्षांत पुष्कळ कंपन्यांनी कर चुकवण्यासाठी साखरच कमी केली. कर चुकवणे राष्ट्रहिताचे ठरल्याचे हे उदाहरण आमच्या सरांना फार आवडले. चिली देशाने २०१६ साली साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर काळी अष्टकोनी चिन्हे छापायला लावली आणि मुलांना भुलवणारी चित्रे काढून टाकायला लावली. पहिल्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी सुमारे चोवीस टक्क्यांनी घटली. काळा अष्टकोन वाचायला शिक्षण लागत नाही, हे त्यातले मर्म मला वाटते. आपल्याकडे २०२२ साली जो मसुदा निघाला त्यात पाकिटावर तारे द्यायचे होते. बिस्किटाला एक तारा मिळाला तरी तो ताराच, आणि तारा म्हणजे शाबासकी, असेच आमच्या गिऱ्हाइकाला वाटेल. माझे मत अष्टकोनाच्या बाजूने आहे.

आता उरली सुट्या डब्याची गोष्ट. संक्रांतीच्या सुमारास एक फिरता विक्रेता टेम्पो घेऊन आमच्या बोळात आला. पंधरा किलोचा डबा, नेहमीपेक्षा दीडशे रुपयांनी स्वस्त. डब्यावर नाव होते, पण त्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवून काढल्याचे दिसत होते. अण्णा आजारापासून दुपारी थोडा वेळच दुकानात बसतात. त्यांनी झाकण उघडून तूप बोटाने दाबून पाहिले. पूर्वीसारखे होते, थंडीतही लोण्यासारखे मऊ. उस्तादांचे डोळे चमकले.

"बिल देणार का?" अण्णांनी विचारले.

"बिल कशाला शेठ? दीडशे कमी करतोय ना."

"मग लायसन्सचा चौदा आकडी नंबर तरी दाखवा डब्यावर."

तो हसला. अण्णांनी झाकण पुन्हा लावले, बोट फडक्याला पुसले आणि म्हणाले, "राहू दे."

टेम्पो बोळातून पुढे गेला. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बेकरीपाशी तो थांबला आणि तिथे चार डबे उतरवलेले आम्ही दोघांनी पाहिले.